चढाची हाफ मॅरेथॉन आणि ऐन वेळी वाढलेला उकाडा: पहिल्यांदा पळणाऱ्यांसाठी

सराव सगळा थंड सकाळी झाला, आणि शर्यतीच्या आठवड्यात अंदाज आला की त्या दिवशी पारा नेहमीपेक्षा आठ-दहा अंशांनी वर असणार. त्यात मार्ग चढ-उतारांचा. अशा वेळी नवख्या धावपटूला पहिली काळजी लागते ती पाण्याची. किती प्यायचं, कुठे प्यायचं, बाटली सोबत घ्यायची का? पाण्याबद्दल पुढे सविस्तर सांगणार आहे, पण उकाड्यातली चढाची शर्यत सहसा पाण्यावाचून बिघडत नाही. ती बिघडते सुरुवातीच्या चढांवर, अंगात जोर भरपूर असताना. चढावर शरीर सगळ्यात जास्त तापतं आणि नेमका तिथेच वारा सगळ्यात कमी लागतो. एवढं मनात पक्कं बसलं की वेग, पाणी, कपडे, चालायचं कुठे, या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतात.

उष्णतेचा हिशोब

हा हिशोब एकदा तरी करून पाहाच. सपाटीवर पळताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला किलोमीटरला ६०. त्यातली निदान तीन-चतुर्थांश, म्हणजे ४५ किलोकॅलरी, अंगातच उष्णता होऊन सुटते. ६० किलोचं शरीर १ अंशाने तापायला सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर दर किलोमीटरला अंगाचं तापमान जवळपास एक अंशाने चढेल आणि पाचव्या किलोमीटरच्या आतच माणूस आडवा होईल.

तसं होत नाही, कारण घाम वाळतो. एक लीटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. यात ‘वाळला तर’ हे महत्त्वाचं. कोपरावरून टपटपणारा घाम अंगातलं पाणी तेवढं घेऊन जातो, गारवा काही देत नाही. म्हणून २८ अंशांची कोरडी हवा एक वेळ निभावते, पण २४ अंशांची दमट हवा पळणाऱ्याला रडकुंडीला आणते.

आता यात चढ मिसळा. १० टक्के चढ, म्हणजे १०० मीटर अंतरात १० मीटर उंची, असा असेल तर किलोमीटरला लागणारी ऊर्जा सपाटीच्या दीडपटीहून जास्त होते. वेग मात्र पडतो. सपाटीवर किलोमीटरला ६ मिनिटं या पेसने पळताना ताशी १० किलोमीटरचा वारा तुम्ही स्वतःच स्वतःला घालत असता. चढावर पेस ९ मिनिटांवर आला की तो वारा ताशी साडेसहा-पावणेसातवर येतो, आणि पाठीमागून झुळूक वाहत असेल तर तोही नाहीसा होतो. मेहनत वाढली, वारा पडला, घाम वाळेना. इथे घेतलेला ताप पुढच्या सपाटीवर लगेच उतरत नाही, तो सोबत येतो.

अंदाज वाचताना काय बघायचं

मोबाइलवर दिवसाचं कमाल तापमान बघून घाबरू नका, आणि पहाटेचं किमान बघून खूशही होऊ नका. तुम्ही अडीच तास पळणार असाल तर सुरुवातीची वेळ अधिक अडीच तास, त्या घडीचं तापमान बघा. तुमची शर्यत तिथे संपणार आहे.

त्यानंतर दवबिंदू बघा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते तापमान. हवेत वाफ जितकी जास्त, तितका तो वर. सापेक्ष आर्द्रतेची टक्केवारी तापमानासोबत खालीवर होत राहते, त्यामुळे ती फसवी ठरते. पहाटे ९० टक्के दिसते, दहा वाजता ५५, आणि हवेतली वाफ तेवढीच असते. दवबिंदू १५ अंशांच्या खाली असेल तर घाम बरा वाळतो. २० च्या वर गेला की चिकचिक जाणवते. २४ च्या आसपास असेल तर वेळेचं लक्ष्य घरीच ठेवून निघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बऱ्याच शर्यतींमध्ये आयोजक ‘वेट बल्ब ग्लोब’ तापमान मोजतात. त्यात ७० टक्के वजन ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापीला, २० टक्के उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापीला आणि फक्त १० टक्के साध्या हवेच्या तापमानाला असतं. ही पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षण तळांवर उष्माघाताने जवान कोसळत होते, म्हणून बसवली गेली. नुसत्या हवेच्या तापमानाला किती कमी किंमत आहे ते या वजनांवरून लक्षात यावं. अशा शर्यतीत मार्गावर रंगीत झेंडे असतात. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे धोका, आणि काळा म्हणजे शर्यत थांबवली. लाल झेंडा दिसला की त्या क्षणापासून वेळ विसरायची.

अंदाजाशेजारीच मार्गाचा चढ-उताराचा आलेख ठेवा. एकूण चढाई किती मीटर यापेक्षा चढ कितव्या किलोमीटरला आहेत आणि तुम्ही तिथे पोहोचाल तेव्हा ऊन कुठे असेल, हे शोधा. सहाव्या किलोमीटरचा सावलीतला चढ आणि सतराव्या किलोमीटरचा उघड्या माळावरचा तेवढाच चढ यांत फार अंतर आहे. सगळ्यात वाईट ठिकाणं दोन-तीनच असतात. त्यांचे किलोमीटर पाठ करा किंवा पेनाने मनगटावर लिहा.

लक्ष्य बदला, आणि ते आदल्या दिवशीच बदला

मॅरेथॉनच्या उत्तम वेळा साधारण १० अंशांच्या आसपासच्या गारव्यात लागतात, आणि गर्मीत संथ धावपटूंचं नुकसान वेगवान धावपटूंपेक्षा जास्त होतं. ते जास्त वेळ उन्हात असतात, घोळक्यातून पळतात, आणि त्यांच्या वाट्याला दिवसाचा तापलेला भाग येतो. त्यामुळे अनुभवी मित्र म्हणाला, “मी तर चारच मिनिटं जास्त घेतली,” तर त्याचं माप स्वतःला लावू नका.

चढाईसाठी ढोबळ हिशोब असा की १०० मीटर चढाई म्हणजे सपाटीवरचं साधारण ६०० ते ७०० मीटर जादा अंतर. उतारावर त्यातला काही भाग परत मिळतो, सगळा कधीच मिळत नाही. गर्मीसाठी माझा स्वतःचा ठोकताळा असा: ज्या तापमानात सराव झाला त्याहून दर ५ अंशांमागे किलोमीटरला १५ ते २० सेकंद सोडून द्यावेत, आणि हवा दमट असेल तर त्याहून जास्त. समजा सपाट, थंड शर्यतीत तुम्ही २ तास १५ मिनिटांत, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंदांच्या पेसने, आला असता. चढाच्या आणि तापलेल्या शर्यतीत अडीच तास, म्हणजे सरासरी ७ मिनिटं ७ सेकंद, हे सन्मानाचं लक्ष्य आहे.

हा निर्णय आदल्या संध्याकाळी घेऊन कुणाला तरी बोलून दाखवा. सुरुवातीच्या रेषेवर संगीत, गर्दी, ओळखीचे चेहरे या सगळ्यात डोकं शांत राहत नाही. तिथे कुणीही वेग कमी करायचं ठरवत नाही.

हातात दिवस किती आहेत?

दहा-बारा दिवस असतील तर शरीर उकाड्याला सरावू शकतं. पूर्ण सराव व्हायला १० ते १४ दिवस लागतात, पण पहिले बदल चार-पाच दिवसांतच दिसतात. रक्तातला द्रव भाग वाढतो, तोच वेग ठेवूनही नाडी थोडी कमी पडते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. त्यासाठी रोज तासभर, दिवसाच्या उबदार वेळी, अगदी निवांत पळायचं. जोराचं काही नाही. घाम सुटून अंग गरम राहणं एवढाच हेतू असतो.

हातात फक्त तीन-चार दिवस असतील तर हा खटाटोप करू नका. उन्हात दामटून पळाल तर थकवा तेवढा पदरात पडेल. त्याऐवजी झोप पूर्ण करा, दारू टाळा, जेवणात नेहमीइतकं मीठ राहू द्या आणि तहान लागेल तसं पाणी प्या. आदल्या दिवशी लीटरच्या लीटर पाणी रिचवून साठा होत नाही, रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या होतात आणि झोपेचं खोबरं होतं. सकाळी लघवी फिकट पिवळी असली म्हणजे पुरे.

गेल्या काही दिवसांत ताप, जुलाब किंवा उलट्या झाल्या असतील तर तापलेल्या दिवशी पळू नका. बरं वाटत असलं तरी शरीर उष्णता पेलण्याच्या स्थितीत आलेलं नसतं. सर्दी-ॲलर्जीची काही औषधं, रक्तदाबाच्या आणि लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या यांमुळेही धोका वाढतो. असं काही रोज घेत असाल तर डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.

शर्यतीची सकाळ

कपडे फिक्या रंगाचे, सैल, पातळ, आणि आधी लांब पल्ल्याला वापरलेले. ओला कपडा दोन तास घासला तर काखा, मांड्या आणि छाती सोलवटून निघतात, तिथे व्हॅसलीन लावा. टोपी जाळीची असावी, ती भिजवता येते. सनस्क्रीन कपाळावर कमी आणि गालांवर, मानेवर, हातांवर जास्त लावा, कारण कपाळावरचं घामासोबत डोळ्यांत उतरतं आणि मग उतारावर पाय कुठे पडतोय ते दिसत नाही.

नाश्ता नेहमीचाच, सुरुवातीच्या दोन-अडीच तास आधी. वॉर्म-अप मात्र छाटून टाका. उबदार सकाळी पाच मिनिटं चालणं आणि सांधे मोकळे करणं पुरतं. उलट सुरुवातीपर्यंत सावलीत थांबा, आणि बर्फ मिळत असेल तर शेवटच्या अर्ध्या तासात बर्फाचा चुरा घातलेलं पेय हळूहळू प्या. शरीर आतून थोडं गार असलं की तापायला जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ पहिल्या चढावर कामी येतो.

दुखू नये म्हणून आधीच आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेऊन पळणारे बरेच दिसतात. कृपा करून घेऊ नका. उकाड्यात मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आधीच कमी झालेलं असतं, ही गोळी त्याच्यावर आणखी ताण आणते.

पहिले पाच किलोमीटर आणि पहिला चढ

पहिल्या तीन किलोमीटरांत लोक तुम्हाला मागे टाकत जातील. जाऊ द्या. सुरुवातीला अंग अजून तापलेलं नसतं, म्हणून चुकीचा वेगही सोपा वाटतो. हार्ट रेटचं घड्याळ असेल तर एक लक्षात ठेवा की गर्मीत त्याच वेगाला नाडी जास्त पडते आणि वेग तोच ठेवला तरी तासाभरात ती वर सरकत जाते. रक्त त्वचेकडेही जायचं असतं आणि स्नायूंकडेही, शिवाय घामाने त्याचं प्रमाण घटलेलं असतं, म्हणून हृदयाला ठोके वाढवावे लागतात. तेव्हा पेसचा आकडा धरून बसू नका. घड्याळाचा तो पडदाच बदलून टाकलात तर उत्तम.

त्याऐवजी बोलून बघा. सपाटीवर दोन वाक्यं सलग बोलता आली पाहिजेत. चढावर सहा-सात शब्दांचं एक वाक्य एका दमात यायला हवं. तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तुम्ही जास्त जोरात आहात, मग वेग कितीही कमी दिसो.

चढ सुरू होताना पावलं आखूड करा, लय तीच ठेवा. नजर पायांपाशी नको, आठ-दहा मीटर पुढे ठेवा. माथ्याकडे तर बघूच नका, तो जवळ येत नाही असं वाटून उगीच जोर लावला जातो. कंबरेत वाकू नका, घोट्यापासून सगळं अंग किंचित पुढे झुकू द्या, म्हणजे छाती मोकळी राहते. हात कमरेजवळ, मुठी सैल.

आणि चाला. नवख्यांना चालायची लाज वाटते, म्हणून हे जरा जोर देऊन सांगतो. १५ टक्क्यांहून तीव्र चढावर झपाझप चालणं आणि रेंगाळत पळणं यांच्या वेगात फारसा फरक नसतो, अंग तापण्यात मात्र फरक पडतो. दम संपल्यावर नाइलाजाने चालू नका, त्याआधीच ठरवून चाला. साठ पावलं पळणं, तीस पावलं झपाझप चालणं, असं पहिल्या चढाच्या पायथ्यापासूनच सुरू केलं तर माथ्यावर पोहोचताच पुन्हा पळता येतं. जो माथ्यापर्यंत दात-ओठ खात पळत येतो, तो माथ्यावर गुडघ्यांवर हात ठेवून उभा असतो, आणि पुढचा उतार त्याच्या कामाचा उरत नाही.

उतार

तापलेल्या दिवशी उतार ही विसाव्याची जागा आहे. ऊर्जा कमी लागते, वारा जास्त लागतो, घाम वाळतो. अंग निववायचं ते इथे. पण उतार मांड्यांकडून किंमत वसूल करतो. खाली उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच तुमचा भार झेलतो आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लावतो. अशा कामात स्नायूंचे तंतू दुखावतात. त्या वेळी काहीच जाणवत नाही. पंधराव्या-सोळाव्या किलोमीटरला सपाटीवर पाय उचलेनासे झाले की कळतं.

त्यावर उपाय म्हणजे पावलं लहान आणि भराभर टाकायची, आणि पाय अंगाच्या खालीच पडू द्यायचा. मागे रेलून टाच पुढे रोवली की सगळा धक्का गुडघ्यात जातो. गुडघा किंचित वाकलेला ठेवा, तोल सांभाळायला हात थोडे बाजूला काढा. पावलांचा आवाज ऐका: थपथप वाजत असेल तर लांब टांगा पडताहेत. शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा तरी उतारावर चांगला सराव करा. एकाच सरावाने पुढचे काही आठवडे स्नायू त्या धक्क्याला बरेच तयार राहतात. आदल्या आठवड्यात मात्र करू नका, दुखणं सोबत घेऊन पळावं लागेल.

पाणी: पिण्याचं आणि अंगावरचं

पाण्याच्या टेबलाशी पळत-पळत पिण्याचा प्रयत्न करू नका. पहिलं टेबल सोडून पुढच्या टेबलाकडे जा, तिथे गर्दी कमी असते. ग्लास कागदी असेल तर काठाकडून चिमटीत दाबा, त्याला चोचीसारखा आकार येतो आणि पाणी नाकात जायचं टळतं. दहा-पंधरा पावलं चालत तीन-चार घोट प्या, उरलेलं मानेवर ओता आणि मग सुटा. यात वीसेक सेकंद जातात, आणि तेवढ्यात नाडीही थोडी खाली येते.

किती प्यायचं? तहान लागेल तेवढं. एवढं साधं उत्तर पुष्कळांना पटत नाही, पण जास्त पिणं हा खरा धोका आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, सामान्य पातळीच्या खाली गेलेलं आढळलं. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं होतं, म्हणजे जे घामापेक्षा जास्त प्यायले होते, आणि ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला होता, त्यांना हा धोका अधिक होता. संथ धावपटूला घाम तुलनेने कमी येतो आणि पाण्याच्या टेबलांवर थांबायला वेळ भरपूर असतो, त्यामुळे हे नवख्यांच्याच बाबतीत जास्त घडतं. बोटं सुजणं, अंगठी घट्ट होणं, पोटात पाणी डचमळणं, मळमळ आणि डोकं ठणकणं अशी लक्षणं दिसली तर पिणं थांबवा आणि वैद्यकीय तंबूत जा.

आपला घाम किती जातो ते सरावात मोजता येतं. उबदार दिवशी तासभर पळण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. १ किलो घट म्हणजे साधारण १ लीटर. मधे जे प्यायलात ते त्यात मिळवा. ताशी सव्वा लीटर घाम जात असला तरी पळताना तेवढं पोटात जिरत नाही, आणि सगळं भरून काढायची गरजही नसते. दोन-अडीच तासांत वजन थोडं घटणं ठीक आहे.

साखर ताशी ३० ते ६० ग्रॅम लागते. गर्मीत पोटाचा रक्तपुरवठा घटतो, म्हणून एकदम न घेता थोडी-थोडी घ्या. जेल, म्हणजे पळताना घ्यायचा पुडीतला घट्ट साखरेचा पाक, घ्यायचं तर साध्या पाण्यासोबत, कधीच गोड पेयासोबत नको, आणि चढावर तर नकोच. चढ संपून दम खाली बसला की घ्या. दोन तासांहून जास्त पळणार असाल तर साध्या पाण्यासोबत अधूनमधून इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे क्षार घातलेलं, पेयही घ्या.

अंगावर पाणी कुठे ओतायचं याचा विचार सहसा कुणी करत नाही. चढाच्या पायथ्याशी गार पाणी किंवा बर्फ डोक्यावर, मानेवर आणि टोपीत घ्या, कारण पुढे वारा नाही आणि गारवा सोबत न्यायचा आहे. माथ्यावर मात्र हात, खांदे आणि बनियन भिजवा, उतारावरचा वारा ते वाळवतो आणि अंग झपाट्याने निवतं. हवा फार दमट असेल तर ओलाव्याचा उपयोग कमी होतो, तेव्हा बर्फ जास्त कामाचा. पाणी ओतताना थोडं पुढे वाका, नाहीतर सगळं बुटांत जातं आणि उतारावर तळव्यांना फोड येतात.

थांबायचं कधी

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन पहिल्यांदाच होत होती. स्वित्झर्लंडची गॅब्रिएला आंदरसन-शीस पाण्याचं शेवटचं ठिकाण चुकवून स्टेडियममध्ये आली ती वाकडी, एक हात लुळा, लटपटत. शेवटच्या फेरीला तिला पाच मिनिटांहून अधिक लागली. तिला घाम येतोय हे वैद्यकीय पथकाने पाहिलं आणि तिला पुढे जाऊ दिलं. ती सावरली, पण ते दृश्य प्रेरणा म्हणून दाखवलं जातं याचं मला वाईट वाटतं. तिच्या आसपास ऑलिंपिकची यंत्रणा उभी होती. तुमच्या सतराव्या किलोमीटरला कदाचित एकच स्वयंसेवक असेल.

थकवा, पाय भरून येणं, पोटरीत गोळे येणं यांवर वेग कमी करून, चालून उपाय होतो. पण उन्हात अंगावर शहारे येणं, थंडी वाजणं, भोवळ येणं, तोल जाणं, डोकं गच्च होणं, उलटी होणं यांपैकी काहीही झालं तर थांबा, सावलीत बसा, मदत मागा. “एवढा चढ काढतो मग बघू” असं म्हणू नका, कारण चढ म्हणजेच जास्तीची उष्णता. मनातल्या मनात साधी बेरीज करून बघा: किती किलोमीटर झाले, किती उरले. ती जमत नसेल तर शर्यत तिथेच संपली.

शेजारचा धावपटू असंबद्ध बोलू लागला, चिडचिडा झाला, झिंगल्यासारखा पळू लागला किंवा कोसळला, तर उष्माघात समजूनच वागा. पळण्यातून होणाऱ्या उष्माघातात अंगाचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदूवर परिणाम होतो. अशा माणसाला घाम येत असू शकतो, त्यामुळे “घाम आहे म्हणजे ठीक आहे” असं धरू नका. कपाळाला किंवा कानाला लावायच्या तापमापीवरही विसंबू नका. रुग्णवाहिकेला फोन करा आणि ती यायची वाट न बघता गार करायला लागा. बर्फाच्या पाण्याच्या टबात मानेपर्यंत बुडवणं सर्वांत उत्तम. टब नसेल तर गार पाण्याने चिंब भिजवा, ओले टॉवेल सगळ्या अंगावर टाका आणि सतत बदलत राहा, वारा घाला. पूर्ण शुद्धीवर नसेल तर तोंडाने काहीही पाजू नका. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आणलं तर जीव वाचण्याची शक्यता फार चांगली असते. म्हणून वैद्यकीय पथकं आधी गार करतात आणि मग रुग्णालयात हलवतात.

२००७ ची शिकागो मॅरेथॉन उकाड्यामुळे मध्येच थांबवली गेली, आणि २०१२ मध्ये बोस्टनच्या आयोजकांनी धावपटूंना पुढच्या वर्षी पळायची मुभा दिली. इतक्या मोठ्या शर्यतींना हे पटतं, तर बिब (छातीवरचा नंबर) काढून सावलीत बसायला तुम्हाला संकोच वाटायचं कारण नाही.

शेवटच्या रेषेनंतर

रेषा ओलांडल्यावर एकदम थांबू नका. पळताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात, त्या थांबल्या की रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. दहा मिनिटं हळूहळू चालत राहा. डोळ्यांपुढे अंधारी आलीच तर लगेच आडवे व्हा आणि पाय उंच ठेवा. नंतर सावलीत जा, ओले कपडे बदला, आणि पुढच्या काही तासांत घोट-घोट पाणी आणि खारट काहीतरी खाणं सुरू ठेवा. दुखतंय म्हणून लगेच गोळी घ्यायची घाई इथेही नको, आधी लघवी नीट आणि फिकट होऊ द्या. लघवीचा रंग कोलासारखा काळपट-तपकिरी झाला, किंवा मांड्या सुजून कडक झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. स्नायूंतून सुटलेली द्रव्यं मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

उतारांमुळे मांड्यांचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. रोज थोडं सपाटीवर चाला, जोराचं मालीश आणि ताणून धरणारे व्यायाम आठवडाभर टाळा. कठड्याला न धरता जिना उतरता येऊ लागला, की एखाद्या गार सकाळी सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं निवांत पळायला हरकत नाही.